१४४१६ की १४५६७? घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस असताना कुठला नंबर लावायचा

गणपतीला मुंबईकर घरी येतात, आजी एकच प्रश्न चारदा विचारते, आणि मग कुणीतरी फोनमध्ये दोन नंबर टाकून जातं. दोन्ही पाच आकडी, दोन्ही चौदाने सुरू होणारे, दोन्ही सरकारी, दोन्हींना पैसे पडत नाहीत. पाहुणे परत गेले की कुठला कशाचा हे कुणाच्या लक्षात राहत नाही. भलत्याच ठिकाणी फोन लागला, हवं ते उत्तर मिळालं नाही, की घरची सून पुन्हा त्या भानगडीत पडत नाही.

१४४१६ म्हणजे टेलिमानस. आरोग्य मंत्रालयाची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शनाखाली चालणारी. फोन समुपदेशक घेतात, गरज दिसली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. १४५६७ म्हणजे एल्डरलाइन, सामाजिक न्याय मंत्रालयाची, २०२१ पासून देशभर. ज्येष्ठांच्या पेन्शनची माहिती, कायद्याची वाट, वृद्धाश्रमांचे पत्ते, छळ होत असेल किंवा कुणी टाकून दिलं असेल तर प्रत्यक्ष मदत, हे तिचं काम. एकीचा विषय मन, दुसरीचा वय. स्मृतिभ्रंशात दोन्ही एकाच खाटेवर असतात, गोंधळ होतो तो त्यामुळे.

फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो घड्याळात. एल्डरलाइन सकाळी ८ ते रात्री ८. टेलिमानस चोवीस तास. आणि हा आजार बिघडतो नेमका दिवस कलल्यावर.

राजापूरकडची एखादी वाडी घ्या. तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लागतो आणि आजोबा पडवीतून उठून म्हणतात, "चला, घरी जातो." बसलेले असतात स्वतःच्याच घरात. "अहो, हेच तुमचं घर" म्हटलं की चिडतात, अडवलं तर हात उगारतात. रात्री दोनला कडी काढून बाहेर. बाहेर गडगा, पलीकडे विहीर, खाली पऱ्या, म्हणजे ओढा. मुलगा डोंबिवलीत, घरात सून आणि शाळकरी नात. अशा वेळी लावायचा तो १४४१६. वाद घालू नका, त्यांच्याबरोबर खळ्यात दोन फेऱ्या मारा आणि चहाच्या निमित्ताने आत आणा. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा. दुपारची झोप कमी करा. या साध्या गोष्टींनीही संध्याकाळ निभते. झोपेचं औषध मात्र शेजाऱ्याकडून आणून देऊ नका, म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊन खुबा मोडायला तेवढं पुरतं.

आणखी एक. टेलिमानसला सुनेने स्वतःसाठी फोन केला तरी चालतो. तिला झोप नाही, रडू येतं, सासऱ्यांवर ओरडल्याचं मनाला खात राहतं. पेशंट आजोबा असले तरी ऐकून घ्यायला कुणीतरी तिलाही लागतं. माझ्या मते या नंबरचा खरा उपयोग इथे आहे आणि तो सगळ्यात कमी केला जातो.

फोनवर निदान मात्र होत नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, म्हातारपणातलं नैराश्य यांतही विसराळूपणा येतो आणि त्यांवर उपचार आहेत. 'म्हातारचळ' म्हणून सोडून देण्याआधी, किंवा देवाला गाऱ्हाणं घालून बाहेरचं काही आहे का बघण्याच्या बरोबरीने तरी, माणूस डॉक्टरला दाखवायला हवा. अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथे जिल्हा रुग्णालयं आहेत. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, राज्यातल्या चारांपैकी एक. नावाला बिचकून लोक टाळतात. ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती करणं नव्हे.

आता १४५६७. समजा, आजीला धड काही आठवत नाही आणि पुतण्याने कलमांची बाग नावावर करून घेतली. 'शेवटपर्यंत सांभाळेन' असं कागदात लिहूनही आता जेवणाला विचारत नाही. हा मनोविकारतज्ज्ञाचा विषय नव्हे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत मागता येते. अर्ज न्यायाधिकरणाकडे जातो, म्हणजे आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यांकडे. पोटगीही तिथेच मागतात. ही वाट दाखवायला एल्डरलाइन. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये, त्यासाठी तहसीलला द्यायचे कागद, ही चौकशीही तिथेच. मुंबईतल्या मुलाने फोन केला तर स्वतःचा पत्ता सांगण्याआधी आईचा तालुका आणि गाव सांगावं.

दोन्ही नंबर न लावण्याचे प्रसंगही आहेत. कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज एकाएकी बरळायला लागलं, ग्लानीत गेलं, तर तो स्मृतिभ्रंश वाढल्याचा प्रकार समजू नका. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, साखर उतरणं, पक्षाघात, काहीही असू शकतं. १०८. माणूस घरातून निघून गेलं आणि सापडत नाही, तर ११२, आणि अलीकडचा फोटो हाताशी.

सांभाळणाऱ्या बाईला सगळ्यात जास्त हवी असते ती गोष्ट या दोन्ही हेल्पलाइनकडे नाही: दोन तास येऊन आजोबांजवळ बसणारं माणूस, म्हणजे तिला बाजार करता येईल, नाहीतर नुसतं पडता येईल. तेव्हा पैसे पाठवणाऱ्या भावंडांनी औषधांच्या जोडीला वाडीतल्या एखाद्या ओळखीच्या बाईची रोजची दुपार ठरवून टाकावी, आणि तिचा पगार परस्पर तिच्या हातात द्यावा. सुनेला मागायला लावू नये.