टॉन्सिल कशाने काढणार, याआधी किती काढणार ते विचारा

मुलाच्या टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं की पालकांची पहिली चौकशी यंत्राची असते: कॉटरी (विजेच्या उष्णतेने कापणारं यंत्र) की कोब्लेशन (मिठाच्या पाण्यात रेडिओलहरींनी कमी तापमानाला ऊती विरघळवणारं यंत्र)? पाठोपाठ कुणीतरी ठासून सांगतं, "कोब्लेशन केलं की दुखत नाही." कोब्लेशन हे अवजार आहे, पद्धत नव्हे. त्याच अवजाराने टॉन्सिल मुळापासूनही काढता येतात आणि आतून कोरूनही. मुलाचे पुढचे दोन आठवडे कसे जातील, हे मुख्यतः या निवडीवर ठरतं.

टॉन्सिलला मागून एक पातळ, चिवट आवरण असतं आणि त्याच्या पलीकडे घशाचा स्नायू. पूर्ण पद्धतीत आवरण आणि स्नायू यांच्यामधून वाट काढत आवरणासकट टॉन्सिल सोडवतात. स्नायू उघडा पडतो, आणि तो तर प्रत्येक घोटाला आवळला जातो. शिवाय रक्तवाहिन्या तिथे जाड असतात. टॉन्सिलच्या आत शिरल्यावरच त्यांना बारीक फाटे फुटतात. आतल्या पद्धतीत कोब्लेशन किंवा मायक्रोडिब्रायडरने (फिरत्या पात्याने कोरून ओढून घेणारं अवजार) टॉन्सिलचा 90 टक्क्यांहून अधिक भाग काढतात, पण आवरण आणि त्याला लागून एक पातळ थर राखतात. स्नायू झाकलेला राहतो. म्हणून दुखणं कमी, खाणं लवकर सुरू आणि उशिरा होणाऱ्या रक्तस्रावाचा धोकाही कमी.

याची किंमत म्हणजे उरलेला थर पुन्हा वाढू शकतो आणि थोड्या मुलांना दुसरं ऑपरेशन लागतं. तरीही मोठ्या टॉन्सिलमुळे झोपेत श्वास अडणाऱ्या लहान मुलासाठी आतली पद्धत आधी विचारात घ्यावी, हे माझं स्पष्ट मत. टॉन्सिलमागे पू होऊन गेला असेल किंवा एकाच बाजूची वाढ संशयास्पद असेल, तर मात्र पूर्णच काढावेत. वारंवार घसा सुजणाऱ्या मुलांबाबत सर्जनांमध्ये मतभेद आहेत.

अवजारांचा फरक एका ओळीचा: थंड अवजारांनी (उष्णता न वापरता, कात्री-चिमट्यासारख्या) ऑपरेशनच्या वेळी रक्त थोडं जास्त जातं, कॉटरीने नंतर थोडं जास्त दुखतं.

घरी आल्यावर घशात पांढरा-पिवळसर थर दिसतो. तो पू नाही, जखमेवरची खपली आहे. तो खरवडू नका आणि त्यासाठी अँटिबायोटिकही मागू नका. कान दुखतो तोही बहुधा घशाच्याच मज्जातंतूमुळे. पूर्ण पद्धतीत दुखणं 7 ते 10 दिवस, कधी 14 दिवस टिकतं. मूल रडल्यावरच औषध द्यायची सवय मला अजिबात पटत नाही. सुरुवातीचे दिवस पॅरासिटामॉल वजनानुसार ठरलेल्या मात्रेत, घड्याळ लावून द्या. दुखलं की मूल गिळत नाही, गिळलं नाही की घसा कोरडा पडून आणखी दुखतं. कोडीन (अफूच्या वर्गातलं वेदनाशामक) आणि अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नका.

रक्तस्राव पहिल्या 24 तासांत होऊ शकतो, नाहीतर साधारण 5 ते 10 दिवसांत, खपली सुटताना. झोपेत मूल सारखं गिळत असेल तर उठवून टॉर्चने घसा बघा. ताजं लाल रक्त दिसलं, तर ते थांबलं असलं तरी लगेच रुग्णालयात न्या.