जिनिव्हाचे आठ तास आणि उसाचा फड

दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, वडवणी, धारूरकडच्या गावांत घरांना कुलपं लागतात. बालाघाटच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर निघतात. 1972 च्या दुष्काळाने ही वाट अधिकच मळली.

कारखान्याच्या आत आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. बाहेर फडात मात्र तोड पहाटे अंधारात सुरू होते आणि गाडी भरेपर्यंत थांबत नाही. या फरकाचं मूळ 1919 मध्ये आहे. व्हर्सायच्या तहातून त्या वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटना उभी राहिली. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला भारतीय कामगारांच्या वतीने ना. म. जोशी गेले होते. दिवसाला आठ, आठवड्याला 48 तास, हा तिथला पहिला करार. ब्रिटिश हिंदुस्थानसाठी मात्र आठवड्याचे 60 तास ठरले, आणि शेतीला तर करारात जागाच नव्हती.

सक्तीच्या मजुरीविरुद्धचा 1930 चा करार भारताने 1954 मध्ये मान्य केला. 1976 मध्ये वेठबिगारी संपवणारा कायदा आला. कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्याने कर्ज देणाऱ्यावर टाकला. फार मोलाची तरतूद आहे ही. पण फडात मजूर पुरवणारा मुकादम कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देतो. ती फिटली नाही की पुढचा हंगामही त्याच्याकडेच. उचल ‘ॲडव्हान्स’ म्हणून खपते, व्यवहार मुकादमाशी होतो आणि कारखान्याच्या हजेरीपटावर मजुराचं नाव चढत नाही. माझ्या मते सगळे करार इथेच अडतात. जिनिव्हातल्या श्रम संघटनेकडे स्वतःचे तपासनीस नाहीत. तिची भिस्त सरकारांच्या अहवालांवर आणि तक्रारींवर. व्यापाराशी कामगार हक्कांचे हे निकष जोडायला जागतिक व्यापार संघटनेच्या 1996 च्या सिंगापूर परिषदेत भारतासह अनेक देशांनी नकार दिला.

खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून मासिक पाळी आणि आजारपण बायका अंगावर काढतात. 2019 मध्ये राज्याच्या समितीपुढे बीडमधल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. बाळंतपणाच्या रजेचा पहिला करारही 1919 च्या त्याच परिषदेतला, तोही उद्योग-व्यापारापुरता. भारताने तो आजवर स्वीकारलेला नाही, आणि फडातली बाळंतीण थोड्याच दिवसांत पुन्हा मोळी उचलते.