‘थांबा, तेवढं पुन्हा वाचा’ : मुंबईतल्या ग्रंथवाचनामागचा इतिहास

आषाढ पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे बौद्ध परंपरेतला पावसाळ्यातला साधनेचा काळ, लागतो. तिथून आश्विन पौर्णिमेपर्यंत मुंबईतल्या बुद्धविहारांत रात्रीची जेवणं आटोपली की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचायला माणसं जमतात. नायगावातल्या अशाच एका विहारात मी बरीच वर्षं मागच्या सतरंजीवर बसत आले. एका रात्री अनित्यतेवरचा भाग चालला होता. एका आजींनी वाचणाऱ्या मुलीला थांबवलं. “सगळं सरून जातं म्हणतेस, मग माझा गेलेला मुलगा रोज आठवतो तो कसा सरत नाही?” मुलीने पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. त्या रात्री पान पुढे उलटलं नाही, आणि कुणी तक्रारही केली नाही.

धर्म शिकवायची हीच रीत मला खरी वाटते, आणि ती जुनी आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वर गीता सांगत होते ते समोर बसलेल्या श्रोत्यांना. ‘अवधान एकलें दीजे’ अशी त्यांची विनवणी करत. पुढे त्याच ग्रंथाची सात दिवसांची पारायणं सुरू झाली. नऊ हजार ओव्या सात दिवसांत संपवायच्या, तर मध्येच हात वर करणाऱ्याला वेळ कुठून मिळणार? पारायणाची गोडी मी नाकारत नाही, पण शंकेची जागा तिथे आक्रसली.

मुंबईत ती जागा परत मिळाली ती भांडणातून. १८३०च्या सुमारास ख्रिस्ती मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर यांचे जाहीर वाद झाले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत, आणि ते ऐकायला गर्दी लोटे. दोन्ही बाजूंना जिंकायचं होतं, हे खरं. पण धर्मग्रंथाला उघड्यावर प्रश्न विचारता येतो, हे वाळूत उभ्या साध्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं.

१८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला आणि संतांचे अभंग साप्ताहिक उपासनेत आले. पण त्याहून मोठी गोष्ट छापखान्यात घडत होती. सरकारने दिलेल्या २४,००० रुपयांतून तुकारामांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यात छापली गेली आणि १८६९ मध्ये तिचा पहिला खंड निघाला. त्याच साली जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना सुरू झाला. पोथी पुराणिकाच्या चौरंगावर असते तोवर तो म्हणेल ते खरं. तीच श्रोत्याच्या मांडीवर आली की तो म्हणू शकतो, “बुवा, माझ्या प्रतीत तर वेगळं छापलंय.” माधवबागेत १९२६ मध्ये गीता पाठशाळा निघाली, तोवर गीता घरोघरी पोचली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९५७ मध्ये, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनाने इंग्रजीत काढला. त्याची सुरुवातच प्रश्नांनी होते. सिद्धार्थाने घर का सोडलं? चार आर्यसत्यं बुद्धाच्या मूळ शिकवणुकीत होती का? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? भिक्खुसंघ कशासाठी? वाचकांनीही यात भर घालावी, अशी बाबासाहेबांची अपेक्षा होती. ग्रंथ मराठीत आल्यावर चाळींत आणि विहारांत ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचे, बाकीचे भोवती बसत. अक्षरओळख नसलेली बाईही तिथे प्रश्न विचारू शकत होती. शाळेने जे दिलं नव्हतं, ते त्या सतरंजीने दिलं.

आजींच्या प्रश्नावर मुलीने दुसऱ्या रात्री किसा गोतमीची गोष्ट सांगितली. मेलेलं मूल कडेवर घेऊन, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथली मोहरी शोधत दारोदार फिरलेली आई. आजींनी ती पूर्ण ऐकून घेतली. “ही मला ठाऊक आहे गं,” त्या म्हणाल्या. “मोहरी मिळाली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती काय करत होती ते सांग.”

मुलगी उठली आणि कपाटातून थेरीगाथा, म्हणजे जुन्या भिक्खुणींच्या गाथांचा संग्रह, काढून घेऊन आली. गोतमीच्या स्वतःच्या गाथा त्यात आहेत.