सबमर्ज्ड आर्क वेल्डिंग : यंत्राची सेटिंग आणि पोलादी सांध्याची ताकद

जाड पोलादी प्लेटा यंत्राने जोडण्याची एक पद्धत. रिळावरून सतत सरकणारी उघडी तार आणि प्लेट यांच्यामधला आर्क, म्हणजे विजेची सतत जळणारी ठिणगी, दाणेदार फ्लक्सच्या (वितळलेल्या धातूला हवेपासून जपणाऱ्या खनिज भुकटीच्या) थराखाली जळतो, त्यामुळे बाहेर ज्योत दिसत नाही आणि ठिणग्याही उडत नाहीत. अमेरिकेत १९३५ साली तिचे पेटंट निघाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन जहाजे आणि सोव्हिएत टी-३४ रणगाडे बांधताना तिचा मोठा उपयोग झाला. रणगाड्यांचे काम सोव्हिएत अभियंते येवगेनी पाटोन यांच्या संस्थेने उभे केले. आज बॉयलर, मोठे पाइप आणि पुलांचे गर्डर यांचे लांब सांधे असेच जोडतात.

करंट वाढवला की वितळ खोल जाते आणि तारही जास्त वितळते. व्होल्टेजने खोली फारशी वाढत नाही; बीड (गोठलेल्या वेल्डची पट्टी) रुंद होतो आणि फ्लक्स जास्त खपतो. फ्लक्समधून मँगनीज, सिलिकॉन वेल्डमध्ये उतरत असतील, तर या जादा खपाने वेल्डची रासायनिक घडणच बदलते. हे बऱ्याचदा ध्यानात घेतले जात नाही. वेल्डिंग यंत्र सांध्यावरून नेणाऱ्या गाडीचा वेग फार ठेवला तर वेल्डच्या कडेला अंडरकट, म्हणजे न भरलेली खाच, पडते.

सांध्याचा तुकडा आडवा कापून, घासून त्यावर नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण) लावले की वितळलेला भाग वाडग्यासारखा उठून दिसतो. हे वाडगे रुंदीपेक्षा खोल असेल, तर गोठताना मधोमध तडा जाण्याचा धोका असतो. वाडग्याभोवतीचा गडद पट्टा म्हणजे न वितळता केवळ तापलेले पोलाद, आणि खरी परीक्षा बहुधा याच पट्ट्याची असते.

तिथे किती उष्णता पोचली हे करंट, व्होल्टेज आणि वेग या तिन्ही आकड्यांवरून काढतात. ६०० अँपिअर, ३२ व्होल्ट आणि मिनिटाला ५०० मिमी वेग असेल, तर दर मिलिमीटरला सुमारे २.३ किलोज्यूल उष्णता मिळते. वेग ४०० मिमीवर आणला की ती २.९ च्या आसपास जाते. ८०० ते ५०० अंश सेल्सिअस हा टप्पा पोलाद किती वेळात उतरते, याला फार महत्त्व आहे. झपाट्याने निवले तर मार्टेन्साइट ही पोलादाची कठीण, ठिसूळ रचना बनते आणि दमट फ्लक्समधला हायड्रोजन त्यात काही तासांनी, कधी काही दिवसांनीही तडे पाडतो. म्हणून फ्लक्स भट्टीत सुकवतात, जाड प्लेट आधी तापवून घेतात. फार सावकाश निवले तर पोलादाचे स्फटिक-कण मोठे होतात आणि चिवटपणा घटतो.

केवळ ताणचाचणीवर विसंबणे धोक्याचे आहे. नमुना वेल्डबाहेर, मूळ प्लेटमध्ये तुटला की सांधा पास होतो. त्याचा चिवटपणा घसरलेला असला तरी ते त्यात कळत नाही. त्यासाठी थंड नमुन्यावर घाव घालणारी चार्पी चाचणी लागते. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडच्या धक्क्यावर, शांत पाण्यात उभे असलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज दुभंगले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि सदोष वेल्डिंग ही त्यामागची कारणे होती. अशा अपघातांनंतर पोलादाच्या मानकांत चिवटपणाच्या अटी आल्या.

सेटिंग चुकीची असेल तर यंत्र तीच चूक संपूर्ण सांधाभर करत जाते. त्यामुळे खऱ्या कामाआधी त्याच जाडीच्या चाचणी-प्लेटवर वेल्ड करून, ती कापून, तोडून पाहतात. चिवटपणाची अट कडक असेल तिथे दोन प्लेटांमधली खोबण एका जाड थराने भरण्याऐवजी कमी उष्णतेचे अनेक थर देतात. वरच्या थराच्या उष्णतेने खालच्या थराचे मोठे कण पुन्हा बारीक होतात.