वाय-फाय वाटा, पण उघडं ठेवू नका

कोल्हापूरच्या पेठांत घराला घर चिकटलेलं असतं. मंगळवार पेठेतल्या एखाद्या माडीवर ठेवलेल्या राऊटरचं, म्हणजे नेट पुरवणाऱ्या डब्याचं, वाय-फाय शेजारच्या घरांत आणि खालच्या बोळातही सहज पोचतं. लाकडी दार, खिडकीची काच, पातळ भिंत यांतून वाय-फायची लहर बऱ्यापैकी पार होते; जाड दगडी भिंत आणि पत्रा मात्र तिला अडवतात. राजारामपुरीत खोली घेऊन शिकणाऱ्या पोरांना फॉर्म भरायचे असतात, शेजारच्या काकूंना नातवाशी व्हिडिओ कॉल करायचा असतो. म्हणून काही घरं पासवर्डच ठेवत नाहीत. त्यामागचं मन मोठं आहे, आणि ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. धोका आहे तो नेटवर्क उघडं ठेवण्यात.

घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपना राऊटर आतले वेगवेगळे पत्ते देतो, पण बाहेरच्या इंटरनेटला दिसतो एकच आयपी पत्ता, म्हणजे त्या जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक. जुन्या वाड्यात आठ बिऱ्हाडं असली तरी पत्रावर घर नंबर एकच असायचा, तसंच हे. कोणती माहिती कोणत्या फोनने मागवली याची यादी राऊटर ठेवतो, पण ती कामापुरती. जोडणी संपली की थोड्याच वेळात नोंद पुसली जाते. शिवाय अलीकडचे फोन नेटवर्कला स्वतःचा खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ठरलेला ओळख क्रमांक) न सांगता एक बनावट पत्ता सांगतात. त्यामुळे महिन्याभराने कुणी विचारलं, ‘त्या रात्री तुमच्या नेटवरून हे कुणी केलं?’ तर घरमालकाकडे दाखवायला बहुतेक वेळा काहीच नसतं. इंटरनेट कंपनीकडे मात्र त्या आयपी पत्त्यापुढे त्याचंच नाव असतं.

याचं गंभीर उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी जबाबदारी घेणारा ईमेल प्रसारमाध्यमांना गेला होता. आयपी पत्त्याचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन नागरिकाच्या घरी. त्याची चौकशी झाली, संगणक ताब्यात घेतले गेले. त्याच्या असुरक्षित वाय-फायचा बाहेरच्या कुणीतरी वापर केला होता, हे नंतर पुढे आलं. 2009 मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

वाय-फाय उघडं होतं एवढ्यावरून कुणी गुन्हेगार ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ला अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू लागतो. पण तपास सुरू होतो तो जोडणीधारकाच्या दारातून. घरातले फोन, लॅपटॉप तपासासाठी जाऊ शकतात, आणि मुलीच्या प्रोजेक्टची फाइल त्याच लॅपटॉपमध्ये असते. निर्दोष माणसाचे हे हाल मला शिक्षेइतकेच मोठे वाटतात. दुसरी बाजूही लक्षात ठेवावी: मालकाच्या परवानगीशिवाय त्याचं नेटवर्क वापरणाऱ्यावर कलम 43 खाली नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते.

शिवाय पासवर्ड नसलेल्या जुन्या पद्धतीच्या नेटवर्कवर माहिती हवेतून कुलपाशिवाय जाते. बँकेचं पान एचटीटीपीएस या संकेतस्थळाच्या स्वतःच्या कुलपामुळे वाचता येत नाही, हे खरं. पण कोणत्या संकेतस्थळावर गेलात ते बहुधा कळतं. आत शिरलेल्याला घरचा प्रिंटर, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआरही दिसू शकतो.

मग वाटायचं कसं? आज बऱ्याच राऊटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळ्या वाय-फायची, सोय असते. तिला वेगळा पासवर्ड द्या आणि तोच शेजाऱ्यांना सांगा. घरचा मुख्य पासवर्ड वाटू नका, कारण डब्ल्यूपीए2 या वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीत पासवर्ड माहीत असलेला जाणकार माणूस त्याच नेटवर्कवरची इतरांची देवाणघेवाण उलगडू शकतो. राऊटरमध्ये डब्ल्यूपीए3 ही तिच्यापुढची पद्धत असेल तर तीच निवडा. राऊटरच्या सेटिंगचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने फोन जोडण्याची सोय, आठवणीने बंद करा. त्याचा पिन आठ अंकी, पण राऊटर तो दोन तुकड्यांत तपासतो. पहिल्या चार अंकांच्या 10,000 शक्यता, पुढच्या तीन अंकांच्या 1,000, आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढता येतो. म्हणजे दहा कोटींऐवजी फार तर 11,000 प्रयत्न! हा दोष 2011 मध्ये उघड झाला, आणि जुने राऊटर अजून घराघरांत चालू आहेत.

महाद्वार रोडवरच्या दुकानदाराला गिऱ्हाइकांना नेट द्यायचं असेल, तर त्यासाठी घरची जोडणी वापरू नये. केंद्र सरकारने डिसेंबर 2020 मध्ये मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकान किंवा चहाची टपरीही परवाना शुल्काशिवाय सार्वजनिक वाय-फाय देऊ शकते. तिथे वापरणाऱ्याची नोंदणी ॲपमधून आधीच झालेली असते.