सिकलसेल आजारातील फुप्फुसविकार

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात फुप्फुसांना होणाऱ्या इजांचा हा गट असून अक्यूट चेस्ट सिंड्रोम आणि फुप्फुसधमनीतील उच्च रक्तदाब हे त्यातील दोन प्रमुख विकार होत. सिकलसेल म्हटले की हाडे-सांध्यांच्या असह्य वेदना आठवतात. प्रौढ रुग्णांच्या मृत्यूंमागे मात्र फुप्फुसे हे एक मोठे कारण असते. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ज्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन केले, तो ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल श्वसनाच्या तक्रारी घेऊनच रुग्णालयात दाखल झाला होता. मायदेशी परतल्यावर १९१६ मध्ये तो न्यूमोनियाने दगावला.

या आजारात लाल पेशी वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शिवाय त्या लवकर फुटतात. दोन्ही विकार समजून घ्यायला हे अडकणे आणि फुटणे ध्यानात ठेवावे.

अक्यूट चेस्ट सिंड्रोममध्ये ताप, खोकला, छातीत दुखणे, धाप आणि क्ष-किरण चित्रात नवा डाग दिसतो. अंगदुखीसाठी दाखल झालेला रुग्ण दोन-तीन दिवसांनी अचानक धापा टाकू लागतो, असे पुष्कळदा घडते. म्हणून दाखल होतानाचे स्वच्छ चित्र पाहून निर्धास्त होऊ नये. जंतुसंसर्ग हे एक कारण. दुसरे असे की, रक्त न पोहोचल्याने हाडातील मगज मरतो आणि त्यातील चरबीचे कण रक्तातून फुप्फुसात जाऊन बसतात. प्राणवायू, प्रतिजैविके आणि रक्त देणे हे मुख्य उपचार. प्रकृती फारच खालावली तर रुग्णाचे रक्त काढून त्याजागी निरोगी रक्त भरतात. बरगड्या दुखतात म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो आणि फुप्फुसाचा तळ मिटतो. जागेपणी दर दोन तासांनी स्पायरोमीटरवर (श्वासाच्या व्यायामाचे साधे उपकरण) दहा खोल श्वास घ्यायला लावणे हा त्यावरचा साधा उपाय. १९९५ च्या एका चाचणीत असे करणाऱ्यांत १९ पैकी एकाच वेळी फुप्फुसात बिघाड दिसला, न करणाऱ्यांत १९ पैकी आठ वेळा. इतका स्वस्त आणि इतका गुणकारी उपाय वॉर्डात विसरला जाऊ नये.

पेशी फुटण्याच्या बाजूचा शोध अमेरिकी फुप्फुसतज्ज्ञ मार्क ग्लॅडविन यांच्या कारकिर्दीशी जोडलेला आहे. फुटलेल्या पेशीतून सांडलेले हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, हे त्यांच्या गटाने २००२ मध्ये मांडले. २००४ मध्ये त्यांनी १९५ प्रौढ रुग्णांची हृदयाची सोनोग्राफी केली. ३२ टक्क्यांत फुप्फुसधमनीतील दाब वाढल्याची खूण आढळली आणि अशा रुग्णांत मृत्यूचा धोका कितीतरी जास्त निघाला. यावरून औषधाचा मार्ग सरळ वाटला, पण तो तसा नव्हता. नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम वाढवणाऱ्या सिल्डेनाफिल या औषधाच्या चाचणीत वेदनांसाठी दाखल होण्याचे प्रमाण वाढल्याने ती मध्येच थांबवावी लागली. वेदनांच्या झटक्यात हुंगायला दिलेल्या नायट्रिक ऑक्साइडनेही झटका लवकर ओसरला नाही. हे दोन्ही निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या कल्पनेवर आयुष्याची वर्षे खर्चली, तिच्यावर आधारलेल्या उपचारांचे अपयशही उघडपणे नोंदवणे हे या कारकिर्दीचे मोठेपण मानावे लागेल. त्याच वर्षी फ्रान्समधील ३९८ रुग्णांच्या अभ्यासात सोनोग्राफीतील खूण २७ टक्क्यांत दिसली, पण हृदयात नळी घालून खात्री केल्यावर उच्च दाब ६ टक्क्यांतच ठरला. केवळ सोनोग्राफीवरून निदान पक्के करू नये, हा धडा त्यातून मिळाला.

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. इकडच्या रुग्णांत पेशी वाकण्यास अटकाव करणारे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन तुलनेने जास्त टिकून राहते, म्हणून हा आजार सौम्य समजला जाई. नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र त्याची तीव्र रूपेही नोंदवली आहेत. हेच हिमोग्लोबिन वाढवणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी येथेही दिली जाते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत २९९ प्रौढांपैकी ती घेणाऱ्या २५ जणांना अक्यूट चेस्ट सिंड्रोम झाला, न घेणाऱ्यांत ५१ जणांना.