अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण आणि नवी भौतिकी

दूरच्या गॅमा-किरण स्फोटांतून (दूरच्या आकाशगंगांतील, गॅमा किरणांचा अल्पकाळ प्रचंड झोत सोडणाऱ्या स्फोटांतून) येणाऱ्या टेराइलेक्ट्रॉन-व्होल्ट (टीईव्ही, १ टीईव्ही म्हणजे १ लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट) पल्ल्यातील किरणांचा उलगडा रूढ भौतिकीने पुरता होतो का, याविषयीचे विवेचन.

या वादाला धार आली ती ९ ऑक्टोबर २०२२ च्या स्फोटाने (जीआरबी २२१००९ए; ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी वाढण्याचे प्रमाण, ०·१५१). पहिला संकेत भारतीय वेळेनुसार सायंकाळी ६.४७ च्या सुमारास आला. त्या दिवशी कोजागरी होती आणि गोव्यातून पाहता शर तारकासमूहातील ते स्थान जवळजवळ डोक्यावर होते. पण गॅमा किरण वातावरणातच अडतात, त्यामुळे चांदण्यात बसलेल्या कोणालाही त्याचा सुगावा लागणे शक्य नव्हते. गॅमा किरण वातावरणात अडताना कणांचा वर्षाव व अंधूक प्रकाश निर्माण करतात, आणि जमिनीवरची उपकरणे तेच टिपतात. तो प्रकाश पाहणाऱ्या नामिबियातील हेस दुर्बिणींना तर पौर्णिमेच्या उजेडामुळेच दोन रात्री थांबावे लागले. चीनच्या सिचुआन प्रांतातील ४,४१० मी. उंचीवरच्या ल्हासो वेधशाळेच्या, वर्षावातील कण टिपणाऱ्या पाण्यातील शोधकांना मात्र चांदण्याचा अडथळा नव्हता. सुमारे ३,००० सेकंदांत त्यांनी ०·२ टीईव्हीवरील ६४,००० हून अधिक फोटॉन (प्रकाशकण) टिपले.

अडचण ऊर्जेच्या वरच्या टोकाला आहे. आकाशगंगांमधील अवकाशात ताऱ्यांचा व तापलेल्या धुळीचा प्रकाश विरळपणे पसरलेला असतो. त्यातील अवरक्त फोटॉनवर १० टीईव्हीच्या पुढचा गॅमा फोटॉन आदळला, की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी निर्माण होते व मूळ फोटॉन नाहीसा होतो. मग प्रारंभी जाहीर झालेले १८ टीईव्हीचे किरण पोचले कसे? एका मतानुसार उगमाजवळच्या चुंबकीय क्षेत्रात फोटॉनाचे ॲक्सियनसदृश कणात (अद्याप न सापडलेल्या, अतिशय हलक्या कल्पित कणात) रूपांतर होते. हा कण निर्वेध प्रवास करतो व आपल्या आकाशगंगेच्या क्षेत्रात पुन्हा फोटॉन होतो. दुसरे मत लोरेन्ट्झ निश्चलतेच्या (एकसमान गतीच्या सर्व निरीक्षकांना भौतिकीचे नियम सारखेच असतात, या तत्त्वाच्या) सूक्ष्म भंगाचे. त्याने जोडीनिर्मितीला लागणाऱ्या किमान ऊर्जेचा उंबरठाच वर सरकतो. निर्जंतुक न्यूट्रिनोच्या (द्रव्याशी जवळजवळ आंतरक्रिया न करणाऱ्या कल्पित कणाच्या) क्षयाचाही पर्याय मांडला गेला.

तथापि २०२३ मधील सविस्तर विश्लेषणात वर्णपट सुमारे १३ टीईव्हीपर्यंतच धरला आहे. वर्णपटाचा आकार कसा गृहीत धरावा यावर एकेका फोटॉनाची ऊर्जा बदलते, म्हणून १८ या आकड्यावर फार भार टाकू नये. पार्श्वभूमी प्रकाशाची घनता थोडी कमी मानली, तर बहुतेक निरीक्षणे रूढ चौकटीत बसतात. प्रस्तुत नोंदीचा कल तिकडेच आहे. २०२४ मध्ये प्रकाशवेगाच्या ऊर्जाधीनतेवर ल्हासोने घातलेल्या मर्यादेनुसार एकघाती भंगाची (ऊर्जेच्या सम प्रमाणात वेग बदलणाऱ्या लोरेन्ट्झ भंगाची) ऊर्जापातळी प्लांक ऊर्जेच्या (गुरुत्वाचे पुंज परिणाम जिथे अपेक्षित असतात त्या ऊर्जेच्या) दसपटीपलीकडे असावी; म्हणजे असा भंग असलाच तर फारच क्षीण. ॲक्सियनसदृश कणांचा पक्ष मात्र निकालात निघालेला नाही.

कॉकेशसमधील कार्पेट शोधकाने त्याच दिशेने नोंदलेला सुमारे २५१ टीईव्हीचा एकमेव फोटॉनसदृश वर्षाव खरा ठरल्यास रूढ चौकट अपुरी पडेल. पण ती दिशा आकाशगंगेच्या पट्ट्यालगतची असल्याने जवळच्याच एखाद्या उगमाची शक्यता उरते.